थोरल्याला बोलवायला कोणी गेलं नाही

उपकारस्तुतीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये लिलाव होतो. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी उरकलेली असते, तुरी फुलावर असतात. ज्याच्याकडं जे पिकलं ते तो वेदीपुढं आणून ठेवतो. पायलीभर बाजरी, मोसंबीची करंडी, पाय बांधलेला कोंबडा, एखाद्या म्हातारीनं उन्हाळाभर टाचलेली गोधडी. उपासना सुटली की मांडवात सतरंज्या पडतात आणि बोली सुरू होते. आलेला पैसा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, खात्यात जातो.

एका वर्षी एक दुधी भोपळा आला होता. बोली 20 रुपयांवर निघाली. मांडवाच्या ह्या टोकाला थोरला भाऊ, त्या टोकाला धाकटा. दोघं सख्खे, शेताला शेत लागून, मधल्या बांधावरून तीन वर्षं अबोला. एकानं 50 म्हटलं, दुसऱ्यानं लगेच 100. पाचशेपर्यंत लोक हसत होते. हजाराला हसणं थांबलं. थोरल्याची बायको मागून त्याचा सदरा ओढत होती आणि तो तिच्याकडं न बघता आकडा वाढवत होता. 2,100 ला धाकट्यानं भोपळा उचलला. टाळ्या पडल्या, खजिनदारानं आकडा लिहून घेतला, चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक साहेब, ह्यांनी उदार हाताच्या देणाऱ्यासाठी प्रार्थना केली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

घरी येताना मात्र डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, पहिलं भावांचं भांडण अर्पणावरूनच सुरू होतं. आदामाचा थोरला मुलगा काइन शेतकरी होता, त्यानं शेतातलं पीक आणलं. धाकट्या हाबेलानं कळपातलं पहिलं कोकरू-करडू असेल ते आणलं. एकाचं पसंत पडलं, दुसऱ्याचं पडलं नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात ह्याचं कारण सांगितलेलं नाही. हाबेलाचं अर्पण विश्वासामुळं पसंत पडलं हा खुलासा येतो तो फार पुढं, इब्री लोकांस पत्रात. काइनाला तो खुलासा कोणी वाचून दाखवला नव्हता. त्याला दिसलं एवढंच, की भावाचं घेतलं आणि माझं राहिलं.

ह्यावर मी चाळीस वर्षांत किती प्रवचनं ऐकली असतील देव जाणे. सगळी काइनाला उद्देशून. हेवा करू नको, मत्सरानं हाडं कुजतात, प्रीती हेवा करीत नाही. खोटं त्यात काही नाही. पण आमची सगळी शिकवण जळणाऱ्याला पाणी पाजण्यात संपते आणि जाळ लागला कुठून हे बघायला कोणी जात नाही. माझं म्हणणं सरळ आहे. भावंडांतल्या हेव्याबद्दल मंडळीनं आधी त्याच्याशी बोलावं, ज्याला जास्त मिळालं. पहिलं पाऊल त्याचं आहे. आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, की वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं तुला आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट वाचा. भावाच्या मनात *तुझ्याविरुद्ध* काही आहे. म्हणजे रुसलेला तो, आणि उठून जायचं ते मी. हे वचन काइनापेक्षा हाबेलाला लागू पडतं, आणि आम्ही ते लिलावाच्या दिवशी वाचत नाही.

आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत ह्या हेव्याचं बी कुठं पडलं हे शोधायचं तर बोर्डिंगपर्यंत मागं जावं लागतं. मिशनच्या शाळांनी आणि बोर्डिंगांनी आमच्या दोन-तीन पिढ्या वर काढल्या, हे नाकारेल तो कृतघ्न. त्या नसत्या तर मी हे लिहीत बसलो नसतो, कोणाच्या तरी बांधावर सालगडी असतो. पण बोर्डिंगला घरटी एखादंच पोर जायचं. बाकीची ढोरांमागं. बाप कोणाला निवडायचा? कधी हुशार म्हणून, कधी अशक्त म्हणून, कधी नुसतं पाळक साहेबांसमोर त्या दिवशी जे पोर उभं होतं म्हणून. त्या एका निवडीवर पुढची पन्नास वर्षं ठरायची. एक नर्स झाली, शिक्षक झाला, पुण्याला फ्लॅट घेतला. दुसरा त्याच गावात त्याच चार एकरांत.

आमच्या घरातून मी गेलो. 1972 साल होतं. मराठवाड्यात पाऊस पडलाच नाही. विहिरी कोरड्या, बाजार ओस. मी नऊ वर्षांचा, दादा तेराचा. तो चौथीतून शाळा सोडून मायबरोबर खडी फोडायला जायचा आणि तिथं मिळणारी सुकडी घरी आणायचा. मला बोर्डिंगात दोन वेळ ताट होतं. महिन्याला एक खुशालीचं पोस्टकार्ड लिहायचा नियम होता. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून ते दादानं वाचून दाखवायचं. सोडलेल्या शाळेचं अक्षर त्याला महिन्यातून एकदा असं भेटायचं, माझ्या हातचं.

पुढं बाप गेला, वाटणी झाली. तिथं कायद्याचा विषय येतो आणि तो आमच्या लोकांना फारसा ठाऊक नसतो. ख्रिस्ती माणसाच्या वारशाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र न करता बाप वारला तर एक तृतीयांश विधवेचं आणि उरलेलं लेकरांत सारखं, लेक-लेकी असा भेद न करता. जन्मानं हक्क वगैरे नाही. जिवंतपणी सगळं बापाचं, त्यानं ठरवलं तर एकाच्याच नावावर लिहून ठेवू शकतो. ह्याच कायद्याचं 49 वं कलम मला फार बोलकं वाटतं. बापानं हयातीत एखाद्या लेकराला पुढं आणायला जे पैसे खर्च केले, ते वाटणीच्या वेळी त्याच्या हिश्शातून वजा धरायचे नाहीत, असं ते सांगतं. कायद्याच्या दृष्टीनं बरोबरच आहे. कोणत्या कोर्टानं शाळेच्या फिया, गणवेश आणि एसटीच्या तिकिटांचा हिशेब मांडत बसावं? पण घरातली जखम नेमकी त्या वजा न धरलेल्या रकमेत असते. दादा कधी वकिलाकडं गेला नाही. तो फक्त वर्षातून एकदा, कोणाच्या तरी लग्नात, चार माणसांत म्हणायचा, "ह्याचं शिक्षण झालं, अन् वाटा बी सारखाच." मला त्याचा राग यायचा. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, की दादाच्या पोटात दुखतं. दुखत होतंच. पण हिशेब त्याचा चुकला नव्हता.

कोर्ट काय करू शकतं आणि कुठं थांबतं, ह्याचं उदाहरण आमच्या इथल्या मंडळीच्या इतिहासातच आहे. जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, पोरसवदाच, त्यांच्यामागोमाग मिशनऱ्यांकडं आला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं श्रीपतला बापाच्या हवाली केलं. मग त्याला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही ह्यावर वेगळाच गदारोळ झाला. ताबा कोणाकडं जावा हे कोर्ट ठरवू शकलं. दोन भावांमध्ये काय उरलं, ते त्याच्या कक्षेत नव्हतं.

येशूपुढंही एकदा वाटणीचं प्रकरण आलं होतं. लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा. येशू सरळ नकार देतो. मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? आमच्या पंचकमिटीतले वडीलधारे ह्याचा दाखला देऊन हात झटकतात. घरचा मामला आहे, मंडळीनं पडू नये. पण तिथं गोष्ट संपत नाही. येशू लगेच लोभाबद्दल बोलतो, आणि मग कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताचा दाखला देतो. मोजणी करायला नकार, पण ज्याची कोठारं भरली त्याला चार शब्द ऐकवायला नकार नाही. आमची कमिटी पहिलं घेते आणि दुसरं सोडते. भरल्या कोठाराचा माणूस बहुतेक कमिटीतच असतो, हे एक कारण असावं.

आता येशूनं सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला. आपला वाटा आधीच घेऊन उधळून बसलेला धाकटा परत आला, बाप धावत गेला, पोसलेलं वासरू कापलं, वाजंत्री लागली. आणि मोठा मुलगा शेतात होता. हे वाक्य शहरातल्या माणसाला साधं वाटेल. शेतात माणूस आहे आणि घरी जेवणावळ आहे, तर आमच्या गावात पोराला पळवत पाठवतात, जा रे, त्याला हाक मार. इथं कोणी गेलं नाही. त्याला घरातल्या नाचगाण्याचा आवाज ऐकून कळलं आणि तेही चाकराला विचारून. वासरू कापायला माणूस मिळाला, वाजवायला मिळाले, निरोप द्यायला मिळाला नाही. मग तो म्हणतो, मला मित्रांबरोबर मजा करायला कधी करडूसुद्धा दिलं नाही. प्रवचनात ह्या थोरल्याला परूशी, म्हणजे येशूच्या काळातला कर्मठ धर्मनिष्ठ, म्हणून झोडतात. येशूचा रोख परूशांवर होता हे खरंच. तरी दाखल्यातला बाप त्याला झोडत नाही. तो मेजवानी सोडून बाहेर येतो, त्याची समजूत घालतो, आणि पहिल्याच वाक्यात काय सांगतो? जे माझं ते सगळं तुझंच आहे. हे गोड बोलणं नव्हे, सातबाऱ्याची भाषा आहे. धाकट्याचा वाटा आधीच देऊन झालाय. उरलेलं थोरल्याचं, वासरासकट. आधी हक्क मान्य केला, मग "हा तुझा भाऊ" अशी आठवण दिली. आम्ही क्रम उलटा लावतो. आधी भाऊपण शिकवतो, आणि हक्काचा विषय निघाला की डोळे मिटून प्रार्थनेला लागतो.

ह्यावर एक जोरकस आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात विचारलं होतं, की भावाभावांनी कोर्टात जाण्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही? नाडले का जात नाही? म्हणजे ख्रिस्ती माणसानं वाटा सोडावा, हिशेब ठेवू नये, हेच खरं ना? सोडावा की. ज्याच्या हातात आहे त्यानं सोडावा. पण हे वचन कोण कोणाला वाचून दाखवतो ते बघा. विहिरीचा तुकडा दाबून बसलेला भाऊ, ज्याचा तुकडा गेला त्याला वाचून दाखवतो. आणि पुढचंच वाक्य गिळतो, जिथं पौल म्हणतो की उलट तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही भावांना. त्याग ही दुसऱ्याच्या खिशातून द्यायची वर्गणी नाही.

बहिणीचं तर विचारूच नका. कायद्यानं आमच्या मुलींना सारखा वाटा कधीचाच दिलाय. प्रत्यक्षात बाप वारल्यावर तेराव्याला नाही तर वर्षश्राद्धाला, आमच्यात त्याला स्मरणाची उपासना म्हणतात एवढाच फरक, आलेली बहीण भावांच्या गाडीत बसून निबंधक कार्यालयात जाते आणि हक्कसोडपत्रावर सही करून येते. एक साडी, हातावर शंभराच्या काही नोटा, आणि माहेर शाबूत. तिनं सही केली नाही तर ती लोभी. हेवा हा शब्द तिच्या वाट्याला सगळ्यात लवकर येतो. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मुलगा नसताना वारलेल्या सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढं, याजकापुढं, सगळ्या मंडळीपुढं उभ्या राहून वाटा मागतात, आणि परमेश्वर म्हणतो की मुली रास्त बोलतात. ह्या अध्यायावर प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही. आमच्या आक्कानंही सही केली. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो.

हेवा गिळलेला थोरला बघायचा तर आम्हाला लांब जायला नको. पैठणच्या अलीकडं गोदाकाठी आपेगाव आहे. तिथल्या विठ्ठलपंतांच्या चार लेकरांत थोरले निवृत्तिनाथ, आणि नाव झालं धाकट्याचं. आज सगळा महाराष्ट्र ज्ञानोबाचं नाव घेतो. निवृत्तिनाथांच्या मनात काय होतं कोणाला माहीत. पण धाकट्यानं काय केलं ते समोर आहे. जे केलं ते गुरू म्हणून थोरल्याच्या नावावर टाकलं, पुन्हा पुन्हा, नाव घेऊन. आमच्या मंडळीत काहींना ही तुलना रुचणार नाही. मला ती सोयीची वाटते, कारण येशूच्या घरातही असंच काहीतरी घडलं. त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, घरच्यांना तर त्याचं डोकं फिरलंय असं वाटलं होतं. पुनरुत्थानानंतर तो ज्यांना भेटला त्यांच्या यादीत पौल येशूचा भाऊ याकोब ह्याचं नाव वेगळं घेतो. उंचावलेला भाऊ खाली राहिलेल्याकडं आपण होऊन गेला. तोच याकोब पुढं यरुशलेमेच्या मंडळीचा खांब झाला, आणि मत्सर असतो तिथं सगळाच गोंधळ असतो असं बजावणारं पत्र परंपरेनं त्याच्याच नावावर आहे. त्याला अनुभव असणार.

दुसरा याकोब, इसहाकाचा, ह्याचं प्रकरण मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं, कारण तो बदमाश होता. थोरल्या एसावाचा आशीर्वाद त्यानं आंधळ्या बापाला फसवून घेतला. वीस वर्षांनी परत येताना त्यानं पुढं काय पाठवलं? दोनशे शेळ्या, वीस बोकड, दोनशे मेंढ्या, वीस एडके, तीस दुभत्या सांडणी पिल्लांसकट, चाळीस गाई, दहा बैल, वीस गाढवी, दहा शिंगरं. सांडणींची पिल्लं सोडून 550 जनावरं. गावाकडच्या माणसानं डोळ्यांपुढं हा कळप आणावा, धुरळा किती उडाला असेल. आणि भावापुढं सात वेळा वाकून तो जे घे म्हणतो, त्याला मूळ इब्रीत आधी भेट असा कोरडा शब्द येतो, पण शेवटी आशीर्वादाचाच शब्द येतो. जे चोरलं तेच नावानिशी परत केलं. एसाव म्हणतो, माझ्याकडं पुष्कळ आहे, भावा. आणि तरी याकोबाच्या आग्रहानं घेतो. घेतो, हे महत्त्वाचं. न घेता "राहू दे" म्हणणं हाही एक प्रकारचा अबोलाच असतो. त्यानंतर दोघं एकत्र राहिले का? नाही. एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. एकाच शेतात, एकाच चुलीवर आणून बसवण्याचा अट्टहास पवित्र शास्त्रानं धरला नाही. बापाला मूठमाती द्यायला मात्र दोघं मिळून आले.

मग मंडळीनं करायचं काय? तहसीलदार होऊ नये. वाटणी महसूल खात्याला करू दे. एकमेकांच्या ताब्यातली जमीन अदलाबदल करून द्यायला सरकारनंच 2023 मध्ये सलोखा योजना आणली, तेव्हा हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार नोंदणी फी ठेवून. मंडळीनं बापांशी बोलावं, ते जिवंत असताना. मृत्युपत्र करा, लेकींसकट करा, कोणाला जास्त दिलंत आणि का दिलंत ते तोंडानं सांगा, कारण न सांगितलेल्या कारणाचा अर्थ लेकरं "आपण नावडते" असाच लावतात. इसहाकाला एसाव आवडायचा, रिबकेला याकोब, आणि दोघांनी एकमेकांशी त्यावर चकार शब्द काढला नाही. त्याची किंमत वीस वर्षं. आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे मंडळीनं मिळून भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीच्या, आधीच्या आठवड्यात पाळकानं कोणाच्या घरी जायचंच असेल तर पुण्याहून कारनं येणाऱ्याच्या घरी आधी जावं.

लिलावाबद्दल मी कमिटीत एवढंच सुचवलं होतं, की सख्ख्या भावांची बोली एकमेकांवर चढायला लागली तर ती तिथंच थांबवावी. उत्तर आलं, की मग छपराचे पत्रे कशातून बदलायचे. ठराव मागं पडला.

गेल्या एप्रिलमध्ये मी विहिरीकडच्या एका एकराच्या बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन दादाकडं गेलो. मोठेपणा म्हणून लिहीत नाही. पन्नास वर्षं उशीर झाला होता आणि आक्काचं अजून तसंच आहे. तो ओट्यावर बसला होता. कागद उलटसुलट करून त्यानं विचारलं, "हे कामून आता?" मी बोर्डिंगचं काढलं, खडीचं काढलं, जमेल तसं बोललो. त्यानं कागद घडी करून पटक्याखाली ठेवला, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वहिनीनं चहा आणला. मग एकदम म्हणाला, "तुझं एक कार्ड होतं, नाताळातलं. गोड भात मिळाला म्हणून लिहिलं होतंस."

मला आठवत नव्हतं.

"ती ओळ म्या मायला वाचून दाखवली नाही," तो म्हणाला. "गाळली."